दादूसची गावठी काडतुसं

दादूस, काल तुझं पिस्तूल पोलिसांत जमा करून आलो. परवानेदार गेला की परवानाही जातो, आणि हत्यार, काडतुसं, जे काही असेल ते घरच्यांनी नेऊन द्यायचं असतं. तेराव्याची पानं उठल्यावर वहिनींनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "भावजी, पोलिसांकरं माज्यासंगती याल का? मना त्यातला काय समजत न्हाय." मी लगेच हो म्हटलं. खरं सांगू, बरं वाटलं. तेरा दिवस तुझ्या ओटीवर मी नुसता खुर्च्या मांडत आणि उचलत होतो. तुझे भाऊ, पुतणे, व्याही, गोदामवाले, प्रत्येकाचं तुझ्याशी काही ना काही नातं होतं. मी कोण, असं कुणी विचारलं असतं तर काय सांगणार होतो? रविवारी याच्याबरोबर रेंजवर असायचो, एवढंच.

तुमच्याकडे थोरल्या भावाला दादूस म्हणतात. शहरातल्या जुन्या आळीतला, मास्तर-कारकुनांच्या घरातला, कवायत शिकवणारा माणूस तुला दादूस म्हणायला लागला तेव्हा तुझं अख्खं घर हसलं होतं. तू हसला नाहीस. तू मला त्या दिवसापासून "मास्तर" म्हणायला लागलास, आणि अरे-तुरे करायला लागलास. आई गेल्यावर मला अरे-तुरे करणारं भिवंडीत दुसरं कुणी उरलं नव्हतं.

तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ती सांगायला मला सहा वर्षं मिळाली होती. ती वर्षं मी काडतुसं घरी भरावीत की विकत घ्यावीत, या वादात घालवली. वाद बरा असतो. एकदा तो सुरू झाला की दुसरं काही बोलावं लागत नाही.

आज दुपारी लाइट गेली. तुला कळलं असतंच. भारनियमनाचं वेळापत्रक तुला शाळेच्या वेळापत्रकासारखं पाठ होतं. लूम बंद पडले आणि आमच्या आळीच्या मागची खटखट एकदम थांबली. माझा हात आपोआप खिशातल्या मोबाइलकडे गेला. तुझा मिस्ड कॉल यायचा तो याच वेळी. एकच रिंग. इनकमिंग फुकट होऊन जमाना झाला तरी तू मिस्ड कॉलच देत राहिलास. लाइट गेली, ये, एवढाच त्याचा अर्थ. मी सायकल काढायचो आणि तुझ्या गावचा, राहनाळचा रस्ता धरायचो.

हे कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. आख्खी भिवंडी लाइट गेली की शिव्या द्यायची. कारखानदार, कामगार, सूतवाले, झाडून सगळे. एक तू तेवढा खूश व्हायचास. तुझ्या घरामागेच भावाचे चोवीस लूम. ते चालू असले की तुझ्या टेबलावरच्या इवल्याशा तराजूचा काटा थरथरत राहायचा. काडतुसात घालायची दारू मोजायची ती चिमटी-चिमटीने, आणि काटा ठरत नाही तोवर तू एक कण खाली पडू द्यायचा नाहीस. म्हणून लूम थांबले की तुझी भरणी सुरू. खिडकीशी टेबल, दाराला आतून कडी, डोळ्यांवर दोऱ्याने बांधलेला चष्मा. पंखा बंद, घाम निथळतोय आणि तू एकेक कण टाकतोयस. मी समोर बसून तुला सांगतोय की एवढ्या वेळात मी दुकानात जाऊन, आणून, मारून, घरी येऊन जेवलो असतो.

शाळेत एकदा मी सहज बोलून गेलो की दादूसकडे दारू मोजायला जातो. बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला ऑफिसात बोलावून माझ्या आईची आठवण काढली होती. तुला ते सांगितल्यावर तू इतका हसलास की तराजू पुन्हा शून्यावर आणावा लागला. नंतर पुढची भारनियमनाची वेळ येईपर्यंत तू माझ्यावर चिडून होतास, कारण त्या दिवसाची भरणी वाया गेली होती.

आपला वाद आठवतोय ना? मी म्हणायचो, कारखान्यात लाखो काडतुसं एका मापाने निघतात, मशीनचा हात थकत नाही, मशीनला घरची काळजी नसते. तू कितीही जपलंस तरी पन्नासात एखादं हलकं पडणार, आणि ते नेमकं मॅचमध्ये निघणार. तू ऐकून घ्यायचास. रिकामं पितळी नळकांडं उजेडाकडे धरून बघत म्हणायचास, "कंपनीला तुजा हात ठाव हाय का, मास्तर? ती समद्यांसाठी भरते. मी माजे एका पिस्तुलासाठी भरतंय." मी म्हणायचो, मग चूक झाली तर? तू म्हणायचास, "झाली तर माजी. विकतच्या चुकीचा कोनाला इचारशील?"

हे तुझं शेवटचं वाक्य मला फार टोचायचं. तेव्हा का, ते कळत नव्हतं. आता कळतं. मला विकतचीच काडतुसं आवडायची, कारण दहाऐवजी नऊ लागला तरी दोष द्यायला कंपनी असायची. खोकं उलटंपालटं करून मी म्हणायचो, हा लॉटच खराब आहे. तू मागे खुर्चीवर बसून दुर्बिणीतून माझं टार्गेट बघत असायचास. दुर्बिणीतून डोळा न काढता म्हणायचास, "कान बघ तुजे." खोटं बोललो की माझे कान लाल होतात, हे तू ओळख झाल्यावर महिन्याभरातच शोधून काढलं होतंस. चाळीस वर्षं आईला जे कळलं नव्हतं ते तुला.

आणि तो शब्द. गावठी. तुझ्या काडतुसांना मी गावठी म्हणायचो. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा तुला राग येईल असं वाटलं होतं, आणि यावा म्हणूनच म्हटलं होतं. तू उलट फुललास. "गावठी म्हंजे वाईट का रं? बाजारान जा. गावठी अंडा, गावठी कोंबरी, लोका इचारून इचारून नेतान." तेव्हापासून तो शब्द तूच वापरायला लागलास. रेंजवर डबी उघडताना म्हणायचास, "चला, गावठी काढू." वहिनीही म्हणायच्या, "आज गावठी किती झाली?" तुझ्या घरात तो लाडाचा शब्द झाला. माझ्या तोंडात तो कधीच पुरता तसा झाला नाही, हे तुला ठाऊक होतं का?

तू मला किती वेळा म्हणालास, एक डबी मारून बघ. रेंजवर, माझ्या पिस्तुलातून, मी शेजारी उभा राहतो. नियमात बसेल असंच सांगायचास. नियमाच्या बाबतीत तू भलता कडक होतास. भरणीची परवानगी मिळवायला तू कलेक्टर कचेरीचे किती खेटे घातलेस. ती हातात आल्यावर वाजंत्री लावायची तेवढी बाकी राहिली होती. तू ती काचेच्या फ्रेममध्ये बसवून देवघराशेजारी लावलीस. येणाऱ्या पाहुण्याला चहाच्या आधी ती दाखवायचास. मी दर वेळी म्हणायचो, पुढच्या रविवारी मारतो. मला भीती होती की दहा लागले तर कबूल करावं लागेल.

आता ती राहिलेली गोष्ट. त्या मॅचची.

सहा वर्षांपूर्वीची राज्य स्पर्धा होती, आणि तू पन्नाशीच्या अलीकडे होतास. सरावात तुझे आकडे पहिल्यांदाच निवडीला लागणाऱ्या गुणांच्या वर जात होते. त्या वर्षी झालं तर झालं, असं तू स्वतःच म्हणत होतास. तुझी डिटेल, म्हणजे नेमबाजीची पाळी, दुपारची होती, माझी सकाळी होऊन गेली होती आणि वाईट गेली होती. मी चहाच्या टेबलाशी मुंबईच्या चौघांबरोबर उभा होतो. पांढरे शर्ट, हातात परदेशी काडतुसांची खोकी, एकाची पेटी माझ्या महिन्याच्या पगाराची असावी. तू लांब बाकावर बसला होतास, पायजमा-सदरा, गुडघ्यावर काडतुसांची लाकडी डबी. त्यातल्या एकाने विचारलं, "तुमचे मित्र कोणत्या कंपनीचं मारतात?"

मला तुझी लाज वाटली, दादूस. लिहूनच टाकतो, लाजच वाटली. तुझ्या पायजम्याची, दोऱ्याच्या चष्म्याची, मोठ्याने बोलण्याची. आणि मी हसून म्हणालो, "कंपनी कसली? त्याची गावठी असतात."

ते चौघे हसले. मागे एक पंच उभा होता. बाहेरून आलेला, गंभीर माणूस. त्याच्या डोक्यात गावठी म्हणजे एकच, गावठी कट्टा. चोरून बनवलेला, बेकायदा. त्याला ना अंडी ठाऊक ना कोंबड्या. तो मला काही न विचारता सरळ तुझ्याकडे चालत गेला. मी बघत होतो. माझ्या हातात चहाचा कप होता. वीस पावलं असतील. मी धावत जाऊन म्हणू शकलो असतो की साहेब, हा आमचा थट्टेचा शब्द आहे, चूक माझी आहे. रोज दोनशे पोरांना मैदानभर ओरडून पळवणारा मी, माझ्या तोंडातून आवाज निघाला नाही. त्या चौघांसमोर मला मीच बोललो हे सांगायचं नव्हतं.

पुढचं तुला माहीतच आहे. त्याने डबी मागितली, कागद मागितला. कागद राहनाळला, देवघराशेजारी, काचेत. तुझ्या पाकिटात त्याची झेरॉक्ससुद्धा नव्हती. फोन लावले गेले, वहिनींनी भिंतीवरची फ्रेम उतरवून फोनवर अक्षर अक्षर वाचून दाखवली, कुठून तरी खातरजमा झाली. पंच तुझ्याकडे येऊन हात जोडून म्हणाला, माफ करा, आपलं सगळं बरोबर आहे. तोवर तुझी डिटेल संपून लोक टार्गेट उतरवत होते. चुकलेली डिटेल पुन्हा देता येत नाही, असा नियम. तू नियमाशी भांडला नाहीस. डबी रुमालात बांधलीस आणि मला म्हणालास, "चल, मास्तर. भूक लागली."

परतताना कशेळीच्या पुलावर जीप अडकली. पुढे ट्रक, मागे ट्रक. खाली खाडीला ओहोटी, चिखलाचा वास. तास गेला असेल. तू स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोरच्या ट्रकची नंबर प्लेट बघत होतास. मग माझ्याकडे न बघता विचारलंस, "कोन बोलला असंल रं?"

मी म्हणालो, "कोण जाणे."

तू वरच्या आरशात बघून मान हलवलीस. पुढचा ट्रक हलला आणि तू गिअर टाकलास.

त्यानंतर तू मॅचसाठी नाव दिलं नाहीस. "आता वय झाला," म्हणालास. रविवारची रेंज सोडली नाहीस, भरणी सोडली नाहीस, लाइट गेली की मिस्ड कॉल येत राहिला. माझ्या प्रत्येक मॅचला मात्र तू आलास. मागे खुर्ची, दुर्बीण, स्टीलच्या डब्यात वहिनींनी दिलेल्या तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट. मी विकतची काडतुसं मारायचो, नऊ लागले की लॉटला दोष द्यायचो, आणि तू म्हणायचास, कान बघ तुजे. दर वेळी वाटायचं, आता हा विचारणार. तू पुन्हा कधी विचारलं नाहीस. मला वाटलं, विसरला. असं मानणं माझ्या सोयीचं होतं.

तू दुपारी जेवून आरामखुर्चीत बसलास आणि बसलेलाच राहिलास, असं वहिनी सांगतात. लूम चालू होते, म्हणून कुणाला काही ऐकू आलं नाही. मी तेव्हा मैदानावर होतो. तुझ्या भावाचा नंबर माझ्या मोबाइलवर दिसला आणि रिंग थांबली नाही, तेव्हाच समजलो. तुमच्या घरातून मला कधी पूर्ण फोन येत नसे.

तर काल. वहिनी, मी, रिक्षा. वहिनींच्या मांडीवर टर्किश टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी होतं. मला वाटलं तुझा फोटो. पोलिसांत जाऊन बसलो. हवालदार बरा होता, वयस्क, आमच्याच तालुक्यातला, खारबावचा. त्याने पिस्तुलाचा नंबर परवान्याशी ताडून पाहिला, वहीत लिहिला. मग काडतुसं. दुकानातून आणलेली थोडी, ती कंपनीच्या नावासकट नोंदली. मग तुझ्या डब्या. मेक, म्हणजे कुणी बनवलं, असा वहीत रकाना होता. हवालदार म्हणाला, "ही कुठल्या कंपनीची?"

मी म्हणालो, "घरी भरलेली."

त्याचा पेन थांबला. तेवढ्यात वहिनींनी टॉवेल सोडला. आत तीच फ्रेम. भिंतीवरून उतरवून, काच, खिळा, मागची दोरी सगळ्यासकट आणलेली. ती त्यांनी टेबलावर उभी धरली आणि म्हणाल्या, "त्या टायमाला ही घरी ऱ्हायली व्हती. म्हून आनली." हवालदाराने काचेवरची धूळ बोटाने पुसली आणि मान वाकडी करून सगळं वाचलं. म्हणाला, "ठीक आहे, ताई. ठेवा खाली, हात दुखेल." मला बाहेर जावंसं वाटलं. पण बसलो.

शेवटची डबी मी पूर्वी पाहिली नव्हती. प्लास्टिकची, पन्नास खाचांची, झाकणावर पांढरी पट्टी चिकटवून तुझ्या अक्षरात काही लिहिलेलं. हवालदाराने चष्मा वर करून मोठ्याने वाचलं. "गावठी. मास्तरसाठी." त्याखाली आणखी एक ओळ, ती त्याने मनात वाचली आणि डबी माझ्याकडे वळवली. "हे काय आता? गावठी म्हणे. असं लिहून जमा करतात होय? आणि मास्तर कोण?"

"मास्तर मी," मी म्हणालो. "आणि गावठी हा माझा शब्द. थट्टेचा. मीच म्हणायचो. एकदा नको तिथे म्हणालो आणि त्यापायी यांच्या मिस्टरांची मॅच गेली. त्यांना मी ते कधी सांगितलं नाही."

असं एका दमात. तुला सहा वर्षांत जे सांगता आलं नाही ते मी एका हवालदाराला सांगितलं, तेही त्याने न विचारता. तो बिचारा गोंधळला. म्हणाला, "ते सगळं मला कुठे लिहायला सांगता? मी इथे काय लिहू तेवढं बोला." मी वहिनींकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नव्हतं. मी म्हणालो, "कंपनीच्या जागी परवान्यावरचं नाव लिहा." त्याने क्षणभर विचार केला आणि लिहिलं. दादूस, वहीच्या त्या पानावर, वरच्या ओळीत कारखान्याचं नाव आहे आणि खालच्या ओळीत तुझं. आडनावासकट. मी दोनदा वाचून बघितलं.

बाहेर रिक्षाची वाट बघताना मी वहिनींना विचारलं, "दादूसला माहीत होतं का?"

"तवाच," त्या म्हणाल्या. "पुलावर गारी अरकली व्हती तवा. घरी आलं, हातपाय धुतलं आन् मना बोललं, मास्तर बोलला असंल. त्याचं कान लाल झालं व्हतं."

"मग मला कधीच काही बोलला कसा नाही?"

वहिनींनी पदर नीट केला. फ्रेम एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मी बोलली त्यांना. सांगून टाका, म्हंजे दोगांच्या मनान ऱ्हानार न्हाय. तर बोललं, त्याला सांगू दे. सांगंल कवातरी." मग म्हणाल्या, "ती डबी तवापासून दर सालाला भरायचं. खाडीची हवा, दारू दमट व्हते ना. पावसाला सरला का जुनी सोता मारून टाकायचं आन् तुमची नवी भरायचं."

म्हणजे सहा वेळा. पन्नास गुणिले सहा. मी समोर बसून दुकानाचं कौतुक करत असायचो आणि तू त्या इवल्याशा तराजूवर माझ्यासाठी भरत असायचास. लाइट जाण्याची वाट बघून. त्यातल्या कुठल्या दुपारी मी समोर होतो आणि कुठल्या दुपारी तू एकटा, तेही आता मला कळणार नाही. मला तुझा राग आला, हेही सांगून टाकतो. एकदा कानफटात मारून मोकळा झाला असतास तर काय बिघडलं असतं? वाट कसली बघत बसलास? तू नेम धरून मिनिट-मिनिट थांबू शकायचास, हात न हलता. माझा हात तेवढा टिकत नाही. ते तुला माहीत होतं.

आणि तरी, दादूस, त्या सहा वर्षांत तुझ्या घरी मला पाटावर पहिलं ताट मिळालं. तुझ्या डोळ्यात मी कधी वेगळं काही पाहिलं नाही. माझ्याविषयी जे माहीत होतं ते माहीत असून तू दर वेळी त्या एका रिंगने बोलावलंस. आमच्या आळीत मी कुणाला एवढा माहीत नाही. आता कुणालाच नाही.

हवालदाराने काडतुसं कापडात बांधून लाखेचं सील मारलं. डबी लागत नव्हती, ती त्याने मला परत दिली. ती आता माझ्या टेबलावर आहे. पन्नास रिकाम्या खाचा. पुढच्या रविवारी मॅच आहे. मी दुकानातून काडतुसं आणलीत, नेहमीची, चांगल्या लॉटची. ती या डबीत एकेक करून लावून बघितली, आणि पुन्हा काढून खोक्यात ठेवली. तुझ्या जागा होत्या त्या. मागे खुर्ची कोण टाकणार, याचाही विचार आला. दुर्बीण वहिनींनी मला दिली आहे. पण तिच्यातून आपलं टार्गेट आपणच बघत नेम धरता येत नाही.

लूम अजून बंद आहेत. बाहेर इतकं शांत आहे की इथे तराजू मांडला असता तर काटा हलला नसता.

झाकणावरची दुसरी ओळ अजून तुला वाचून दाखवली नाही. तूच लिहिलीस, तरी दाखवतो. शाई तपकिरी पडली आहे, अक्षर मोठं आहे, माझ्या वयाच्या माणसाला चष्म्याशिवाय वाचता यावं एवढं. "आदी मार, मंग बोल."

मारता आली नाहीत, दादूस. सीलखाली गेली. मला आता ती कुणी मारू देणार नाही. वाद तसाच राहिला. तुझी भारी की दुकानाची, हे सांगायला माझ्याकडे एकही टार्गेट नाही. त्यामुळे न मारताच बोलतो.

त्या दिवशी मीच बोललो होतो.

कान बघ माझे.